रेघांमागचा भाव

बालमित्रांनो, घरातील साबणाची वडी किंवा बिस्किटांचा पुडा हाती घ्या आणि उलटसुलट करून पाहा. कोठे तरी एका कोपऱ्यात, पांढऱ्या चौकटीत, काही जाड व काही बारीक अशा काळ्या रेघा शिस्तीने उभ्या असलेल्या तुम्हांस दिसतील. त्यांच्या पायाशी बारीक ठशांत बहुधा तेरा आकडे असतात. या खुणेस बारकोड म्हणतात. या रेघांत त्या वस्तूची किंमत लिहिलेली आहे, असे तुमच्यापैकी कित्येकांस वाटत असेल. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटत असे. तो समज चुकीचा आहे, हे मला चौदा रुपयांच्या एका प्रकरणामुळे कळले. परंतु ते प्रकरण सांगण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

मी तुमच्याएवढा होतो तेव्हा आमच्या गावात किराणा मालाचे एकच मोठे दुकान होते. दुकानदारांना सारा गाव अण्णा म्हणत असे. शेर जाऊन किलो आला होता, तरी आमच्या आजीच्या तोंडून 'पावशेर' काही गेला नव्हता. आणि अण्णांनाही तिचा पावशेर बरोबर समजत असे. दुकानात शिरताच आई विचारी, "अण्णा, गूळ कसा दिला?" अण्णा भाव सांगत आणि भावाबरोबर त्याचे कारणही सांगत. "कोल्हापुराकडून माल कमी आला आहे, वहिनी. आठ दिवस कळ काढा, उतरेल." मग तागडी हाती घेऊन ते पारडे असे काही धरीत, की काटा मालाच्या बाजूस किंचित झुकावा. छताला टांगलेल्या रिळाचा दोरा सर्रकन ओढून पुडी बांधली जाई. रद्दीच्या तुकड्यावर हिशेब मांडून ते मोठ्याने बेरीज करीत. आईही ओठांतल्या ओठांत तीच बेरीज करीत असे. दोघांची बेरीज जुळली, की मला एक गुळाचा खडा मिळे. माझ्या दृष्टीने साऱ्या व्यवहाराचे सार त्या खड्यात होते.

हे वाचून ते दिवस फार गोड होते असे समजू नका. अण्णा मापात पाप करणारे नव्हते हे खरे. पण त्यांच्याजवळ दोन आवाज होते. मामलेदार कचेरीतील कारकुनासाठी एक, आणि शेतात मजुरीला जाणाऱ्या बायकांसाठी दुसरा. त्या बायका ओट्याच्या पायरीशी उभ्या राहत. आमची पुडी बांधून होईपर्यंत त्यांना थांबावे लागे. ज्याला घासाघीस साधे त्याला एक भाव मिळे, ज्याची जीभ अडखळे त्याला दुसरा. आणि उधारीवर माल नेणाऱ्याला तर भाव विचारण्याची सोयच नव्हती. वहीत जे मांडले जाई ते मुकाट्याने फेडावयाचे. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही, कारण मी ओट्याच्या वरच्या बाजूस उभा असे.

आता आमच्या तालुक्याच्या गावी एक मोठे भांडार निघाले आहे. तेथे दुकानदार नाही, ओटा नाही आणि पायरीही नाही. फळ्यांवर माल रचलेला असतो. ज्याने त्याने टोपली घेऊन हिंडावे, हवे ते उचलावे आणि दाराजवळच्या गल्ल्यापाशी रांगेत उभे राहावे. तेथे बसलेली मुलगी एकेक वस्तू काचेवरून फिरविते, 'टीं' असा आवाज होतो, आणि पडद्यावर किंमत उमटते. कारकून असो की मजूर, यंत्राला सारे सारखेच.

गेल्या वर्षी मी तेथे माझ्या नातीला घेऊन गेलो होतो. ती सातवीत शिकते. आमच्यापुढे रांगेत नऊवारी नेसलेल्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांच्या टोपलीत पाचच वस्तू होत्या : तूरडाळीची एक किलोची पिशवी, साखर, चहाचा लहान पुडा, साबणाची एक वडी आणि बिस्किटांचा पुडा. त्यांनी कनवटीची घडी सोडून शंभराच्या तीन नोटा हातात काढून ठेवल्या होत्या. त्यांनी घरून निघतानाच हिशेब केला होता, की फळीवरच्या चिठ्ठ्या वाचून तेथेच केला होता, कोण जाणे. पण हिशेब चोख होता, हे मला मागाहून कळले. डाळ १४८, साखर ४६, चहा ६०, साबण ३६ आणि बिस्किटे १०. तुम्हीच बेरीज करून पाहा.

पडद्यावर मात्र ३१४ रुपये उमटले.

बाई क्षणभर त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी काही विचारले नाही. विचारावयाचे तरी कोणाला? मुलगी पडद्याकडे पाहत होती, मागे रांग खोळंबली होती. आपलेच काही चुकले असेल असे वाटून त्यांचा चेहरा ओशाळला. त्यांनी प्रथम बिस्किटांच्या पुड्यावर हात ठेवला, मग तो उचलून साबणाच्या वडीवर नेला आणि वडी बाजूला सारली. "हे राहू दे, पोरी," एवढेच त्या म्हणाल्या. मुलीने साबण वजा केला. २७८ रुपये झाले. उरलेले २२ रुपये कनवटीला लावून बाई निघून गेल्या. म्हातारपणी बेरीज चुकते, असा विचार माझ्याही मनात आला, हे मी तुमच्यापासून लपवीत नाही.

मग आमची पाळी आली. आमच्या टोपलीतही तीच डाळ होती. नात पटकन म्हणाली, "आजोबा, फळीवर १४८ लिहिले होते. इथे १६२ आले." मी मुलीला विचारले. ती अदबीने म्हणाली, "काका, सिस्टीममध्ये हेच आहे." मी पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले. तिचाही इलाज नव्हता. अण्णांना विचारले असते तर त्यांनी एक तर कारण सांगितले असते, नाही तर कपाळाला आठ्या घातल्या असत्या. पण भाव ठरविणारा माणूस समोर तरी होता. येथे भाव सांगणारी मुलगी होती, भाव दाखविणारा पडदा होता, पण भाव ठरविणारा कोणी दिसत नव्हता. मला राग आला तो चौदा रुपयांचा नव्हे, या गोष्टीचा.

हे चौदा रुपये आले कोठून, हे समजण्यासाठी त्या काळ्या रेघांत काय लिहिलेले असते ते पाहिले पाहिजे. त्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

आपण होऊन माल उचलावयाचे दुकान प्रथम अमेरिकेत निघाले. मेम्फिस या शहरी क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थाने १९१६ साली ते उघडले आणि त्याचे नाव ठेविले 'पिगली विगली'. तोपर्यंत तेथेही गिऱ्हाइकाने मागावे आणि नोकराने काढून द्यावे, अशीच रीत होती. साँडर्सने गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली आणि प्रत्येक वस्तूवर किंमत लाविली. पुढे अशी भांडारे वाढली, तशी दाराजवळची रांगही वाढली. नोकराने प्रत्येक वस्तूवरील किंमत वाचावी, ती यंत्रात बोटांनी दाबावी, यात वेळ जाई आणि चुकाही होत.

१९४८ साली अशाच एका अन्नभांडाराचा प्रमुख फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल या तंत्रसंस्थेत आला आणि वस्तूची माहिती आपोआप वाचता येईल अशी काही युक्ती शोधून द्या, अशी विनंती करू लागला. संस्थेच्या अधिकाऱ्याने ती मानली नाही. परंतु ते बोलणे बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या तरुणाच्या कानी पडले आणि त्याने ते आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड यास सांगितले. वुडलँडला त्या कोड्याने झपाटले. तो मायामी येथे समुद्रकाठी जाऊन राहिला. लहानपणी बालवीर पथकात असताना तो तारायंत्राची मोर्सची लिपी शिकला होता. तिच्यात केवळ टिंबे आणि रेघा असतात. एके दिवशी वाळूत बसल्या बसल्या त्याने बोटांनी काही टिंबे आणि रेघा काढल्या, आणि सहज आपली बोटे वाळूतून स्वतःकडे ओढली. टिंबांच्या बारीक उभ्या रेघा झाल्या, रेघांच्या जाड झाल्या! वाळूतील त्या चार ओरखड्यांतून बारकोडचा जन्म झाला.

दोघा मित्रांना १९५२ साली या शोधाचे पेटंट, म्हणजे सरकारी हक्कपत्र, मिळाले. पण रेघा वाचावयास लागणारा लेसर तेव्हा निघालाच नव्हता, आणि संगणक खोलीएवढे असत. बिचारा सिल्व्हर १९६३ साली वारला. आपल्या युक्तीचा उपयोग झालेला त्यास पाहावयास मिळाला नाही. पुढे आय.बी.एम. या कंपनीतील जॉर्ज लॉरर याने रेघांना आजचे उभे, चौकटीतील रूप दिले. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी, एका भांडारात, या रेघा दुकानात प्रथमच वाचल्या गेल्या. ती वस्तू होती च्युइंग गमचा एक पुडा, आणि त्याची किंमत होती ६७ सेंट.

आता रेघांची लिपी पाहू. आपल्याकडील पुड्यावर तेरा आकडे असतात. प्रत्येक आकडा दोन काळ्या रेघा आणि दोन पांढऱ्या फटी यांनी लिहितात. त्यांच्या जाडीवरून आकडा ओळखावयाचा. तेरांपैकी पहिल्या आकड्यास मात्र स्वतःच्या रेघा नसतात. त्याच्या पुढचे सहा आकडे कोणत्या तऱ्हेने लिहिले आहेत, त्यावरून यंत्र तो ताडते. दोन्ही टोकांच्या आणि मधल्या जोडरेघा किंचित लांब असतात, ती सीमेची खूण. यंत्र रेघांवर प्रकाश टाकते. पांढरा भाग प्रकाश परत फेकतो, काळा तो गिळून टाकतो. पुडा उलटा धरला तरी यंत्राची फसगत होत नाही, कारण डाव्या अर्ध्या भागाची आणि उजव्या अर्ध्या भागाची लिहिण्याची तऱ्हा निराळी असते.

पहिले तीन आकडे ८९० असतील, तर त्या कंपनीने आपला क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला आहे असे समजावे. माल भारतातच तयार झाला, असा त्याचा अर्थ नव्हे. पुष्कळ लोक येथे चुकतात. ग्रंथालयातील एखाद्या नव्या पुस्तकाची पाठ पाहा, तेथे बहुधा ९७८ असे आकडे दिसतील. ती पुस्तकांची खूण आहे.

सर्वांत गमतीचा तो शेवटचा, तेरावा आकडा. तो पहारेकरी आहे. समजा, आकडे असे आहेत : ८९०१२३४५४३२१४. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा आणि अकरावा हे आकडे मिळवा : ८+०+२+४+४+२, म्हणजे २०. आता दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आणि बारावा हे मिळवा : ९+१+३+५+३+१, म्हणजे २२. या बेरजेची तिप्पट करा, ६६. दोहोंची बेरीज ८६. तीत शेवटचा ४ मिळविला की ९० होतात, आणि नव्वदास दहाने नि:शेष भाग जातो. एखादा आकडा यंत्राने चुकीचा वाचला, समजा आठव्या जागेवरील ५ च्या ऐवजी ६ वाचला, तर बेरीज ९३ होईल. मग भाग जाणार नाही आणि 'टीं' वाजणार नाही. घरी एखादा पुडा घेऊन हे गणित करून पाहा. माझ्या नातीने आमच्या स्वयंपाकघरातील अकरा डब्यापुड्यांवर ते केले; दहांचे जमले, अकराव्याचे जमले नाही. मग कळले, की तिची बेरीज चुकली होती.

आता नीट पाहा. या तेरा आकड्यांत किंमत कोठे आहे? कोठेच नाही. कंपनी, वस्तू आणि पहारेकरी, एवढेच त्यांत असते. रेघा म्हणजे वस्तूचे नाव, भाव नव्हे. भाव दुकानाच्या संगणकातील एका यादीत असतो. रेघा वाचून यंत्र ती यादी उघडते आणि त्या नावापुढे जो आकडा मांडलेला असेल तो दाखविते. दुकानातच तोलून, चिठ्ठी लावून देतात त्या भाजी-फळांची गोष्ट थोडी निराळी. त्या चिठ्ठीवरील रेघांत वजन किंवा रक्कम घालता येते. पण बंद पुड्याचे तसे नाही. आणि आपण फळीवर जी चिठ्ठी वाचतो, ती तर कोणी तरी हाताने लावलेली असते. म्हणजे एका डाळीचे भाव दोन ठिकाणी लिहिलेले : एक कागदावर, एक यंत्रात. ते जुळतात की नाही हे पाहणारा तेरावा आकडा कोणी काढलेला नाही.

आमच्या बाबतीत हेच घडले होते. भांडाराचे व्यवस्थापक आले, नातीबरोबर फळीपर्यंत गेले आणि चिठ्ठी वाचून परत आले. सवलतीचा भाव रविवारी रात्री संपला होता. यंत्रातील आकडा दूरच्या कचेरीतून मध्यरात्रीच बदलला गेला. कागदाची चिठ्ठी बदलणारा मुलगा त्या दिवशी रजेवर होता. "चूक कोणाचीच नाही," ते म्हणाले. हे वाक्य मला मुळीच आवडले नाही. चूक कोणाचीच नसेल, तर ती सुधारावयाची कोणी? तरीही त्यांनी चौदा रुपये तत्काळ परत दिले, हे नमूद केले पाहिजे.

पिशवीवर छापलेली कमाल किरकोळ किंमत १९० रुपये होती. १६२ हे त्याच्या आतच होते. छापलेल्या किमतीपेक्षा अधिक घेणे हा आपल्या देशात अपराध आहे. कमी घेण्यास मात्र दुकानदार मोकळा असतो. पण म्हणून फळीवर एक भाव लिहावा आणि गल्ल्यावर दुसरा घ्यावा, असे नाही. दुकानाने लावलेल्या भावपत्रकापेक्षा अधिक पैसे घेतले, तर ग्राहकाला तक्रार करता येते, असे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सांगितले आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही आहे. अमेरिकेतही रेघा आल्याबरोबर दुकानदारांनी वस्तूंवर किंमत चिकटविण्याचे सोडले, तेव्हा लोक चिडले. मिशिगन राज्याने १९७६ साली बहुतेक वस्तूंवर किंमत चिकटविण्याची सक्ती केली. २०११ साली ती सक्ती गेली, फळीजवळ किंमत दाखविली तरी चालेल असे ठरले. पण यंत्राने अधिक पैसे घेतल्याचे ग्राहकाने दाखवून दिले, तर फरक आणि वर त्याच्या दहापट रक्कम, जास्तीत जास्त ५ डॉलर, त्याला मिळावी, ही तरतूद त्यांनी राखली. मला ती फार आवडते. चूक शोधणाऱ्यास तेथे गुळाचा खडा मिळतो!

हे सारे बोलणे होईपर्यंत नात गप्प होती. मी चौदा रुपये खिशात घातले, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, आणि त्या आजींचे चौदा?"

मी बाहेर धावलो. म्हणजे माझ्या वयाला जेवढे धावता येते तेवढे. रिक्षांच्या तळापर्यंत गेलो, एस.टी.च्या थांब्यावर पाहिले. बाई कोठेच दिसल्या नाहीत. परत येऊन व्यवस्थापकांना सांगितले. त्यांनी संगणकात शोधले. वेळेवरून बिल तत्काळ सापडले : डाळ, साखर, चहा, बिस्किटे, २७८ रुपये. साबण वजा केल्याची नोंदही होती. "मोबाइल क्रमांक दिलेला नाही," ते म्हणाले, "मग कोणाला कळवावयाचे?" यंत्राला बिल सापडले, पण बाई सापडल्या नाहीत.

तेव्हा गल्ल्यावरची ती मुलगी, इतका वेळ जी केवळ सिस्टीमचे नाव घेत होती, ती हळूच म्हणाली, "सर, त्या आजी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात. मी ओळखते त्यांना." तिने त्या बिलाची दुसरी प्रत काढली, तीत चौदा रुपये गुंडाळले, पाकिटात घातले आणि पाकिटावर लिहिले : 'नऊवारीवाल्या आजी'. ते तिने गल्ल्याच्या खणात ठेवून दिले.

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो. नातीने रांगेत उभ्या उभ्याच विचारले. मुलगी हसली.

"घेऊन गेल्या. आधी म्हणाल्या, कसले पैसे, मी नाही घेत. मग सगळे समजावून सांगितले, तर चौदा रुपये दोनदा मोजून घेतले. आणि मला म्हणतात कशा, 'पोरी, मग साबणाचाही भाव एकदा फळीवर बघून ये. मी तोवर रांगेत उभी राहते.'"